इतिहास घ्यायला काय लागतं?

महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत बी.ए.ला इतिहास घ्यायचा असेल, तर बारावी पास असावं लागतं. बस्स, एवढंच. शाखा कोणतीही चालते. सायन्सवाला चालतो, कॉमर्सवाली चालते, बारावीला इतिहासाचं पुस्तक न उघडलेलाही चालतो. इंजिनिअरिंगला गणित लागतं, मेडिकलला जीवशास्त्र लागतं. इतिहासाला मात्र इतिहाससुद्धा लागत नाही.

मी पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावात इतिहास शिकवते. निकाल लागला की मुलं विचारायला येतात, "मॅडम, इतिहास घ्यायला काय लागतं?" मी ऑफिसातलं उत्तर देते : गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, आधार कार्ड, दोन फोटो. मुलं यादी मोबाइलवर लिहून घेतात आणि जातात. या प्रश्नाचं आणखी एक उत्तर आहे. ते कुठल्याही फॉर्मवर छापलेलं नाही आणि खिडकीसमोर रांग लागलेली असताना देताही येत नाही. म्हणून ते इथे लिहिते आहे.

दार उघडं आहे, ते बरंच आहे

आधी नियमांचं बघू. केंद्रीय विद्यापीठांत २०२२पासून सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली. म्हणजे दिल्ली विद्यापीठात इतिहास ऑनर्स करायचं असेल, तर बारावीच्या गुणांपेक्षा संगणकावर सोडवलेले पर्यायी प्रश्न महत्त्वाचे. आपल्याकडच्या विद्यापीठांत तसं नाही. नावाजलेल्या शहरी कॉलेजांत गुणवत्ता यादी लागते, बाकी ठिकाणी जागा रिकाम्या असतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. खरी पहिली अट इथे येते, आत शिरल्यावर तीन वर्षांनी.

एवढ्या सैल नियमांमुळे इतिहास म्हणजे 'दुसरं काही मिळालं नाही म्हणून घेतलेला विषय' अशी त्याची ख्याती झाली आहे. घरी सांगितलं की वडील विचारतात, "घेऊन करणार काय?" आणि मुलगा म्हणतो, "एमपीएससी." त्यात काही वाईट नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्यासाठीच येतात आणि मला ती तेवढीच प्रिय आहेत.

दार अरुंद करावं, प्रवेश परीक्षा लावावी, असं काही जणांना वाटतं. मला वाटत नाही, कारण आपल्याकडचा इतिहास ज्यांनी घडवला त्यांतले कितीतरी जण दुसऱ्याच दारातून आले होते. जदुनाथ सरकारांनी एम.ए. केलं ते इंग्रजी साहित्यात. औरंगजेबावर लिहायचं म्हणून ते फारसी शिकले, शिवाजी महाराजांवर लिहायचं म्हणून मराठी शिकले. गोव्यात कोसबेनला जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. चांदीची जुनी आहत नाणी त्यांनी काट्यावर तोलली. वापरात नाणं झिजतं, म्हणजे वजन घटतं. तेव्हा शेकडो नाण्यांच्या वजनांवरून त्यांच्या चलनाबद्दल काय सांगता येईल, हे त्यांनी संख्याशास्त्राने मांडलं. त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं इंग्रजी पुस्तक १९५६ साली आलं. सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी होते आणि नोकरी सांभाळून त्यांनी फारसी साधनं मराठीत आणली. जोतीराव फुल्यांकडे तर कुठलीच पदवी नव्हती. त्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पवाडा लिहिला आणि कुणब्याच्या बाजूने राजाकडे पाहिलं. ती बाजू तोवर लिखाणात जवळजवळ नव्हतीच.

यांतल्या कुणालाही आज आमच्या कॉलेजात इतिहासाला प्रवेश घ्यायचा असता, तर बारावीची गुणपत्रिका पुरली असती. फुल्यांना तेवढंही जमलं नसतं. म्हणून दार उघडं आहे ते तसंच राहावं. पण आत आल्यावर ही मंडळी काय काय शिकली, ते पाहायला हवं. कारण ते आपण शिकवत नाही आणि मुलांना त्याची कल्पनाही नसते.

पहिली गोष्ट : लिपी

मराठ्यांच्या राज्याचा कारभार मोडीत चालला. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापले. ४५ खंड म्हणजे कपाट भरतं, तरी ती निवडच आहे. बाकीचे गठ्ठे वाचणाऱ्यांची वाट बघत आहेत.

मोडी अवघड नाही, चिवट आहे. हात न उचलता लिहायची लिपी, त्यामुळे अक्षरं एकमेकांना धरून चालतात. शब्द तोडलेले नसतात. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नसते. 'दिन' आणि 'दीन' एकच. वाक्य कुठे संपलं ते तुम्ही ठरवायचं. रोज तासभर दिला तर दोन-तीन महिन्यांत अक्षरओळख पक्की होते. प्रत्येक लेखनिकाचं वळण ओळखायला मात्र वर्षं लागतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी शाळेत शिकवत. म्हणजे तुमच्या पणजोबांना कदाचित येत होती. मग ती शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत घरातली कागदपत्रं घरच्यांनाच परकी झाली.

मोडीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना २०२३ साली उत्तर मिळालं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरं बाहेर निघाली. जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची रजिस्टरं, महसुली कागद. त्यांतले पुष्कळ मोडीत, मराठवाड्यात काही उर्दूत आणि फारसीत. सगळीकडे एकच धावपळ : मोडी वाचणारा माणूस आहे का? आरक्षणाच्या वादात तुमची बाजू कोणतीही असो, त्या महिन्यांत एक गोष्ट उघडी पडली. लाखो घरांचा प्रश्न ज्या कागदांवर अडला होता, ते कागद वाचू शकणारी माणसं तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकी होती. इतिहासाचे पदवीधर मात्र दरवर्षी शेकड्यांनी बाहेर पडत होते.

दुसरी गोष्ट : बेरीज-वजाबाकी

'गणित नको म्हणून इतिहास घेतला' असं सांगणारं कुणीतरी दरवर्षी भेटतं. त्याला मी फळ्यावर एक ओळ लिहून देते : 'सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ'. हे मराठी कागदांतलं वर्ष आहे. अरबी संख्या मराठीत रुळलेल्या रूपात. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकूण ११६१. यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाच्या सुमाराला सुरू होतं आणि इंग्रजी वर्षाच्या मध्यावर बदलतं. उत्तर येतं १७६०-६१. म्हणजे पानिपत. वर्गात एकदम शांतता होते. त्या न समजणाऱ्या ओळीत पानिपतचं वर्ष दडलेलं होतं, हे कळल्याची ती शांतता असते.

शिवजयंतीचंच बघा. दोन तारखांचा वाद आपण लहानपणापासून ऐकतो. जेधे शकावली आणि परमानंदाचं 'शिवभारत' यांच्या आधारे जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवतात. त्याने उत्तर येईल १६२९. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि फाल्गुन हा शेवटचा महिना. तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. म्हणून इथे ७९ मिळवायचे. १६३०. हे न कळणारा माणूस पूर्ण एक वर्ष चुकेल आणि वर भांडेलही.

त्यात पुन्हा १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, ज्यूलियन कालगणनेची आहे. नव्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च येतो. पोर्तुगालने नवी गणना १५८२ सालीच घेतली आणि इंग्रजांनी १७५२ साली. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना गोव्याच्या पोर्तुगीज कागदात एका तारखेला आणि सुरतेच्या इंग्रज वखारीच्या कागदात दहा दिवस आधीच्या तारखेला दिसते. दोन्ही बरोबर असतात. हे माहीत नसेल, तर तुम्ही त्यांतल्या एकाला खोटं ठरवाल.

तिसरी गोष्ट : भाषा, आणि तिची भीती

इथे माझ्या मुलांचा खरा अडसर येतो. वाचनयादीतली बरीच पुस्तकं इंग्रजीत. मुलं मराठी माध्यमातली. मग मधला मार्ग म्हणून गाईड. गाईडमध्ये प्रत्येक घटनेची कारणं सहा आणि परिणाम सात असतात. मुलं ती पाठ करतात, पास होतात आणि पदवी घेऊन जातात. तीन वर्षांत एकही मूळ पत्र न वाचता इतिहासाचा पदवीधर होता येतं. बारावीला इतिहास नसण्यापेक्षा हे मला जास्त गंभीर वाटतं.

हे दुखणं जुनं आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ साली बाहेर पडली. त्यात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला आणि रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर. दोन्ही इंग्रजीत. याच रानड्यांनी विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. दुसरीकडे वि. का. राजवाडे. डेक्कन कॉलेजातून बी.ए. झालेला हा माणूस गावोगाव हिंडला, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उतरवत गेला आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे खंड छापत गेला. पहिला खंड १८९८चा. एकूण २२. प्रस्तावना मराठीत, वादही मराठीत. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्यामागेही तेच.

म्हणजे मराठीतून इतिहास होत नाही, हे खरं नाही. पण फक्त मराठीवर भागत नाही, हेही तेवढंच खरं. मंडळात आयुष्य घालवलेल्या ग. ह. खरे यांनी फारसी कागदांचे खंड संपादित केले. सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ल्याचे पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज कागदांत बुडाले आणि त्यातून पोर्तुगेज-मराठे संबंधांचा इतिहास उभा राहिला. यांतल्या कुणाच्याही आईची भाषा फारसी किंवा पोर्तुगीज नव्हती. काम पडलं तशी त्यांनी ती शिकून घेतली.

मी मुलांना सांगते, इंग्रजी बोलता येणं आणि इंग्रजी वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला मुलाखत द्यायची नाही. एका दिवशी एक पान. शब्द अडला की शोधायचा. पहिल्या महिन्यात त्रास होतो, चौथ्या महिन्यात पान अर्ध्या तासात होतं. आणि खिशात मोबाइल आहेच. राजवाड्यांचे खंड स्कॅन होऊन इंटरनेटवर पडलेले आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, मराठी विश्वकोश आहे, सगळं फुकट. राजवाड्यांना ज्या कागदासाठी मैलोगणती चालावं लागलं, तो तुम्हाला एसटीत बसून वाचता येतो.

चौथी गोष्ट : कागद सांगेल ते ऐकायची तयारी

ही शिकवायला सगळ्यात अवघड. तिच्यासाठी कोर्स नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने घरचा एक मोडी कागद आणला होता. आजोबांनी तो देवघरात जपला होता. घरात सगळे सांगत, ही राजाने दिलेली सनद आहे, आपल्याला इनाम होतं. दसऱ्याला कागदाची पूजा व्हायची. मोडीचा चांगला सराव असलेल्या एका निवृत्त शिक्षकांकडे आम्ही तो घेऊन गेलो आणि तिघांनी मिळून ओळ-ओळ लावली. शके १७९५, श्रावण. म्हणजे १८७३. सनद नव्हती ती. कर्जरोखा होता. तिच्या खापरपणजोबांनी सावकाराकडून पैसे घेतले होते आणि शेत गहाण टाकलं होतं.

मुलगी गप्प झाली. घरी काय सांगायचं, हा तिचा पहिला प्रश्न. मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी ती दुसरा प्रश्न घेऊन आली, "मॅडम, रोखा तर सावकाराकडे असायला हवा. तो आमच्या देवघरात कसा?"

इतिहासाचा विद्यार्थी होणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हा प्रश्न सांगेन. कागदात काय लिहिलं आहे, इथवर सगळे येतात. कागद इथे का आहे, हे विचारायला वेगळी नजर लागते. कर्ज फिटलं आणि रोखा परत मिळाला, असं झालं असेल. पण आमचा भाग कोणता आहे, तेही तिच्या लक्षात आलं होतं. १८७५च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, रोखे हिसकावले आणि जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यातूनच १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. आमच्या गाईडमध्ये ते पाच गुणांच्या टिपेपुरते आहेत. तिच्या घरचा रोखा फेडून आला की हिसकावून आणला, हे त्या कागदावरून सांगता येत नाही. आम्ही तसं ठरवलंही नाही. दोन शक्यता तिने वहीत लिहिल्या आणि प्रत्येकीला कुठला पुरावा लागेल, तेही खाली लिहिलं.

तिने घरी खरं सांगितलं. आजोबा थोडा वेळ कागदाकडे बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे गहाण टाकण्याइतकी जमीन आपली होती तर." कागद अजून देवघरातच आहे.

सगळ्या घरांत हे एवढ्या शांतपणे होत नाही. आपल्याकडे इतिहासावरून गावं पेटतात, पुस्तकं बंद पाडली जातात, २००४च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा हस्तलिखितांचीही नासधूस झाली. रोज सकाळी ग्रुपवर कुणाच्या तरी पूर्वजाचा जयजयकार आणि दुसऱ्या कुणाच्या पूर्वजाचा उद्धार येतो. त्याखाली ना वर्ष, ना कागदाचं नाव. माझी मुलं त्याच ग्रुपमध्ये आहेत. त्यांनी ग्रुप सोडावेत असं मी म्हणत नाही. तीन प्रश्न विचारावेत एवढंच सांगते : हे कुणी लिहिलं? घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं? त्याला हे कसं कळलं? बखर आणि पत्र यांतला फरक याच प्रश्नांनी कळतो. बखर पुष्कळदा घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. छावणीतून निघालेल्या पत्राला पुढे काय होणार, हे माहीत नसतं. दोन्ही वाचायच्या, पण एकाच काट्यावर तोलायच्या नाहीत. आणि हे प्रश्न आपल्या आवडत्या माणसाबद्दल आलेल्या मेसेजलाही विचारायचे. तिथेच बहुतेक जण थांबतात.

मग काय लागतं?

विद्यापीठाने बारावी पास एवढंच मागितलं, याबद्दल माझी तक्रार नाही. दारात काही मागू नका. पण आत आलेल्या मुलाला तीन वर्षांत एक लिपी, एक जास्तीची भाषा, सन बदलण्याची रीत आणि एका मूळ कागदाची साथ, एवढं मिळायलाच हवं. १२० श्रेयांकांत एवढ्याला जागा नाही, असं होऊच शकत नाही. हे मिळालं नाही, तर इतिहास पुन्हा त्यांच्याच हातात राहील ज्यांच्या घरी पुस्तकं होती, इंग्रजी होतं आणि पुण्याला जायला सवड होती. ज्यांच्या पणज्यांची नावं त्या रुमालांत फक्त देणेकरी म्हणून आली आहेत, त्यांची मुलं ते रुमाल उघडणारच नाहीत.

तोवर तुम्ही थांबू नका. यंदा इतिहास घेत असाल, तर पहिलं सत्र सुरू व्हायच्या आधी तीन कामं करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, जुना कागद कुठे आहे का. असेल तर त्याचा फोटो काढा. लॅमिनेशन करू नका, त्याने कागद कायमचा बिघडतो. दुसरं, मोडीची बाराखडी गिरवायला घ्या. पुराभिलेख विभाग आणि भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात, तिथे चौकशी करा. तिसरं, राजवाड्यांचा कुठलाही एक खंड उघडा आणि एक पत्र, फक्त एक, शेवटपर्यंत वाचा. अर्धं कळणार नाही. जे कळलं नाही ते वहीत लिहून ठेवा आणि पहिल्या तासाला वर्गात विचारा.

तुमच्या शिक्षकांनाही कदाचित सगळं सांगता येणार नाही. मग दोघांनी मिळून शोधा.